रिपोर्ट येईपर्यंतचे तास

रक्तात जंतुसंसर्ग झालेल्या रुग्णावर उपचार करताना डॉक्टरांना प्रतिजैविकांविषयीचा निर्णय दोनदा घ्यावा लागतो. पहिला निर्णय रुग्ण दाखल होताच घेतला जातो आणि तो अनुमानाचा असतो, कारण ताप, घसरलेला रक्तदाब आणि वाढलेल्या पांढऱ्या पेशी यांवरून संसर्ग आहे एवढे कळते, परंतु तो कोणत्या जिवाणूचा आहे आणि त्या जिवाणूवर कोणते औषध चालेल हे कळत नाही. दुसरा निर्णय प्रयोगशाळेतून कल्चर आणि सेन्सिटिव्हिटीचा रिपोर्ट आल्यावर, म्हणजे बहुतेक रुग्णालयांत दोन ते तीन दिवसांनी, घेतला जातो. मधल्या काळात रुग्णाला जे औषध दिले जाते ते लागू पडेलच याची खात्री कोणालाही देता येत नाही. आणि जिवाणूंमधील प्रतिजैविकरोध, म्हणजे औषधाच्या माऱ्यातही तगून वाढत राहण्याची त्यांची क्षमता, जसजशी पसरत गेली तसतसा हा मधला काळ अधिकाधिक घातक होत गेला.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, या रोधाच्या पाहणीसाठी २०१३ मध्ये रुग्णालयांचे एक जाळे उभे केले. त्याच्या अहवालांनुसार इमिपेनेम या औषधाला दाद देणाऱ्या ई. कोलाय जिवाणूंचे प्रमाण २०१६ मध्ये ८६ टक्के होते, ते २०२१ मध्ये ६४ टक्क्यांवर आले, आणि क्लेब्सिएला न्यूमोनिए या जिवाणूच्या बाबतीत ते ६५ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर घसरले. इमिपेनेम आणि मेरोपेनेम ही कार्बापेनेम गटातील औषधे आहेत आणि इतर औषधांनी हात टेकल्यावर वापरण्यासाठी ती राखून ठेवावीत असा संकेत आहे. हे आकडे प्रामुख्याने मोठ्या रुग्णालयांतील आहेत, त्यामुळे ते गावातल्या दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येक रुग्णाला लागू करणे चुकीचे ठरेल. परंतु ज्या अतिदक्षता विभागांत असे रुग्ण शेवटी पोहोचतात तेथील स्थिती त्यांवरून पुरेशी स्पष्ट होते. जागतिक पातळीवर ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकाने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार २०१९ या एका वर्षात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट प्रतिजैविकरोधामुळे झाले आणि सुमारे ४९ लाख ५० हजार मृत्यूंशी त्याचा संबंध होता.

उशिराची किंमत किती असते याचे एक मोजमाप कॅनडातील आनंद कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये मांडले. सेप्टिक शॉक, म्हणजे संसर्गामुळे रक्तदाब धोक्याच्या पातळीखाली जाण्याची अवस्था, आलेल्या रुग्णांच्या नोंदी तपासल्यावर त्यांना असे आढळले की रक्तदाब घसरल्यानंतरच्या पहिल्या सहा तासांत परिणामकारक औषध मिळण्यास जेवढा उशीर होतो, त्यातील प्रत्येक तासामागे जगण्याची शक्यता सरासरी ७.६ टक्क्यांनी कमी होते. हा आकडा शॉकमधील रुग्णांचा आहे, साध्या तापाच्या रुग्णांचा नाही, आणि त्याच्या नेमकेपणाविषयी पुढे वादही झाले. परंतु त्यातील ‘परिणामकारक’ हा शब्द फार महत्त्वाचा आहे, कारण वेळेवर दिलेले पण त्या जिवाणूवर न चालणारे औषध हे न दिलेल्या औषधाच्याच बरोबरीचे असते. या भीतीपोटी डॉक्टर पहिल्याच दिवशी सर्वांत व्यापक औषध सुरू करतात, आणि त्यांना त्याबद्दल दोष देणे अन्यायाचे होईल. मात्र साध्या औषधाने बऱ्या होणाऱ्या रुग्णालाही मेरोपेनेम मिळत राहिले की त्या औषधाला न जुमानणाऱ्या जिवाणूंची निवड होत जाते आणि पुढच्या रुग्णासाठी ते औषध निकामी होते. चाचणी लवकर झाली तर एकाला हवे ते औषध वेळेवर मिळते आणि दुसऱ्याचे नको असलेले औषध वेळेवर थांबते.

हे दोन-तीन दिवस कोठे जातात हे समजण्यासाठी रक्ताच्या नमुन्याचा प्रवास पाहावा लागतो. प्रौढ रुग्णाच्या प्रत्येक बाटलीत आठ ते दहा मिलिलिटर रक्त घ्यावे लागते, कारण रक्तातील जिवाणूंची संख्या फार थोडी, कित्येकदा एका मिलिलिटरमागे दहाहूनही कमी, असते आणि एवढे विरळ जिवाणू सूक्ष्मदर्शकाखाली सापडत नाहीत. म्हणून आधी त्यांना वाढवावे लागते. बाटलीतील पोषक द्रवात जिवाणू वाढू लागले की कार्बन डायऑक्साइड वायू तयार होतो, त्यामुळे बाटलीच्या तळाशी असलेल्या संवेदकात बदल होतो आणि दर काही मिनिटांनी प्रत्येक बाटली तपासणारे यंत्र ती पॉझिटिव्ह झाल्याची सूचना देते. यात साधारण बारा ते चोवीस तास जातात. त्यानंतर तंत्रज्ञ बाटलीतील थेंब काचपट्टीवर पसरून ग्राम रंजन करतो. हान्स ख्रिस्तियान ग्राम या डॅनिश वैद्याने १८८४ मध्ये प्रसिद्ध केलेली ही रंगवण्याची पद्धत जिवाणूंचे जांभळे दिसणारे ग्राम-पॉझिटिव्ह आणि गुलाबी दिसणारे ग्राम-निगेटिव्ह असे दोन मोठे वर्ग पाडते, आणि तेवढ्या माहितीवरही डॉक्टरांना औषधाची दिशा बदलता येते. मग त्याच बाटलीतील थेंब आगारच्या, म्हणजे समुद्री शेवाळापासून काढलेल्या जेलीसारख्या माध्यमाच्या, प्लेटवर लावून रात्रभर ठेवला जातो, दुसऱ्या दिवशी तेथे उगवलेल्या वसाहतींतून जिवाणू ओळखला जातो, आणि त्याच वसाहतींचे ठराविक गढूळपणाचे द्रावण करून ते म्युलर-हिंटन आगारवर पसरतात व त्यावर औषधे शोषलेल्या कागदी डिस्क ठेवतात. औषध डिस्कमधून भोवतालच्या माध्यमात झिरपते, जेथपर्यंत ते जिवाणूला रोखते तेथपर्यंत स्वच्छ वर्तुळ उमटते, आणि त्या वर्तुळाचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजून औषध चालेल की नाही हे ठरते. बॉअर, कर्बी, शेरिस आणि टर्क यांनी सिएटल येथून १९६६ मध्ये ही पद्धत प्रमाणित केली. तिला आणखी सोळा ते अठरा तास लागतात, आणि अशा रीतीने तिसरा दिवस उजाडतो.

हा काळ कमी करण्याचे प्रयत्न दोन वाटांनी झाले आहेत. एक वाट जिवाणूच्या जनुकांत रोधाची खूण शोधते, तर दुसरी वाट जिवाणू औषधासमोर प्रत्यक्ष वाढतो का हे पाहते, फक्त ते नेहमीपेक्षा लवकर पाहते.

पहिल्या वाटेचे सर्वांत मोठे यश क्षयरोगाच्या निदानात मिळाले आणि त्यात मुंबई व गोवा या दोहोंचा वाटा आहे. क्षयाचा जिवाणू इतका सावकाश वाढतो की घन माध्यमावरील कल्चरला सहा ते आठ आठवडे लागतात, आणि तोपर्यंत रिफाम्पिसिन या मुख्य औषधाला न जुमानणारा क्षय रुग्णाच्या घरात पसरू शकतो. या रोधाची बहुतेक सर्व उत्परिवर्तने, म्हणजे जनुकातील अक्षरबदल, आरपीओबी नावाच्या जनुकातील अवघ्या ८१ अक्षरांच्या पट्ट्यात होतात. त्यामुळे तेवढाच पट्टा प्रतिकृती काढून वाढवायचा आणि त्यात बदल आहे का ते पाहायचे, हे एका बंद काडतुसात शक्य झाले. भारतात सीबी-नॅट या नावाने ओळखली जाणारी ही चाचणी सुमारे दोन तासांत क्षय आहे का आणि रिफाम्पिसिन चालेल का या दोन्ही प्रश्नांची उत्तरे देते. तिची मोठी पारख पाच शहरांत झाली आणि लिमा, बाकू, केप टाउन व डर्बन यांच्यासोबत त्यात मुंबई होती. माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. कॅमिला रॉड्रिग्ज या २०१० च्या त्या शोधनिबंधाच्या सहलेखिका आहेत. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या चाचणीला मान्यता दिली. पुढे गोव्यातील मोलबायो या कंपनीने ट्रूनॅट हे बॅटरीवर चालणारे लहान यंत्र आणले, ज्याला वातानुकूलित खोलीची गरज नसल्यामुळे ते प्राथमिक आरोग्य केंद्रातही ठेवता येते, आणि २०२० मध्ये त्यालाही जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशींत स्थान मिळाले. देशी तंत्राने जगाच्या शिफारशींत जागा मिळवावी, ही मराठी वाचकाने अभिमानाने नोंद घ्यावी अशी गोष्ट आहे.

क्षयरोगात जे साधले ते रक्तसंसर्गाच्या जिवाणूंत तेवढ्या सहजपणे साधत नाही, आणि त्याचे कारण या जिवाणूंच्या जीवनक्रमात आहे. क्षयाच्या जिवाणूत रोध हा त्याच्याच गुणसूत्रातील मोजक्या बदलांमुळे येतो. क्लेब्सिएला किंवा ई. कोलाय यांना मात्र रोधाची जनुके प्लास्मिड नावाच्या फिरत्या डीएनए वलयांवरून इतर जिवाणूंकडून आयती मिळतात, त्यांचे प्रकार अनेक असतात आणि ती एका जातीतून दुसऱ्या जातीत जातात. कार्बापेनेम औषधे फोडणारे एनडीएम हे विकर भारतात उपचार घेतलेल्या एका रुग्णाकडून जानेवारी २००८ मध्ये स्वीडनमध्ये मिळालेल्या क्लेब्सिएलात प्रथम ओळखले गेले, आणि त्याच्या नावातील नवी दिल्लीच्या उल्लेखावरून येथे मोठा क्षोभ झाला. नावावरचा राग समजण्यासारखा होता, परंतु त्या वादात उपचाराचा प्रश्न मागे पडला, तो असा की भारतातील कार्बापेनेमरोधी जिवाणूंत एनडीएम आणि ऑक्सा-४८ या कुळातील विकरे अधिक आढळतात, तर अमेरिकेत दीर्घकाळ केपीसी या विकराचे प्राबल्य होते. केवळ केपीसी शोधणारी चाचणी भारतीय रुग्णालयात निगेटिव्ह आली तर तिच्यावरून कोणताही दिलासा घेता येत नाही.

विकर कोणते हे कळण्याचा थेट उपयोग औषधनिवडीत होतो. सेफ्टाझिडिम-अविबॅक्टम हे तुलनेने नवे आणि महागडे संयुक्त औषध ऑक्सा-४८ आणि केपीसी यांच्यावर चालते, एनडीएमवर चालत नाही. एनडीएम असेल तर त्याच्या जोडीला अॅझट्रिओनाम द्यावे लागते, कारण अॅझट्रिओनामला एनडीएम फोडू शकत नाही आणि त्याला फोडणाऱ्या इतर विकरांना अविबॅक्टम रोखून धरते. गर्भधारणेच्या पट्टीसारखी दिसणारी एक चाचणी वसाहतीतील जिवाणूंपासून सुमारे पंधरा मिनिटांत एनडीएम, ऑक्सा-४८, केपीसी, व्हीआयएम आणि आयएमपी यांपैकी कोणते विकर आहे हे दाखवते, आणि भारतासारख्या देशात, जेथे एनडीएम आणि ऑक्सा-४८ ही विकरे एकाच जिवाणूत एकत्रही सापडतात, तेथे त्या पट्टीवरच्या दोन रेषांनी रुग्णाचे औषध त्याच दिवशी बदलू शकते. तरीही जनुकांच्या व विकरांच्या चाचण्यांची एक मर्यादा कायम राहते. जे शोधले तेच सापडते. आणि जिवाणूने आपल्या बाह्य आवरणातील औषध शिरण्याची छिद्रे कमी करून रोध मिळवला असेल, जसे स्यूडोमोनास अनेकदा करतो, तर यादीतील एकही जनुक नसताना औषध निष्फळ ठरते. खूण सापडली तर औषध टाळावे असे ठामपणे सांगता येते, पण खूण न सापडल्यास औषध चालेलच असे म्हणता येत नाही.

म्हणून वाढ पाहण्याची दुसरी वाट टिकून राहिली आहे. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठात योहान एल्फ यांच्या गटाने २०१७ मध्ये असे दाखवले की जिवाणूंना अतिसूक्ष्म नळ्यांत अडकवून, त्यांच्यावरून औषधमिश्रित द्रव सोडून, सूक्ष्मदर्शकाखाली एकेका पेशीच्या वाढीचा वेग मोजला तर अर्ध्या तासाच्या आत औषधाचा परिणाम दिसतो. वीस मिनिटांत दुप्पट होणाऱ्या ई. कोलायसारख्या जिवाणूसाठी तेवढा अवधी पुरेसा असतो. त्यावर आधारलेल्या, मूत्रमार्गाच्या संसर्गासाठीच्या यंत्राला २०२४ मध्ये ब्रिटनचे ८० लाख पौंडांचे लाँजिट्यूड पारितोषिक मिळाले. लघवीच्या अर्ध्या मिलिलिटरपेक्षाही कमी नमुन्यातून ते पंधरा मिनिटांत जिवाणू आहेत का हे, आणि पाऊण तासात पाच औषधांपैकी कोणते चालेल हे सांगते. या पारितोषिकासाठी प्रयत्न करणाऱ्या संघांत पुण्याची मॉड्युल इनोव्हेशन्स ही संस्थाही होती. लघवीत मात्र संसर्गाच्या वेळी जिवाणू मुबलक असतात. रक्तातील विरळपणाची अडचण तेथे नसल्यामुळे हे यश जसेच्या तसे अतिदक्षता विभागात आणता येत नाही. दक्षिण कोरियातील सोल राष्ट्रीय विद्यापीठाच्या गटाने २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये जी पद्धत मांडली ती याच अडचणीला भिडते: विशिष्ट प्रथिनाचा लेप दिलेल्या चुंबकीय सूक्ष्मकणांनी जिवाणू थेट रक्तातून ओढून घ्यायचे आणि बाटलीतला पहिला टप्पाच गाळायचा. ही दिशा आशेची आहे, पण ती रोजच्या वापरात यायला अवकाश आहे.

तोपर्यंत काय करता येईल या प्रश्नाला युरोपातील युकास्ट या मानके ठरवणाऱ्या समितीने २०१८ मध्ये जे उत्तर दिले ते या संपूर्ण विषयातील सर्वांत कमी गाजलेले आणि भारतासाठी बहुधा सर्वांत उपयोगी उत्तर आहे. रास्ट या संक्षिप्त नावाच्या या पद्धतीत नवे यंत्र लागत नाही. बाटली पॉझिटिव्ह झाली की वसाहती उगवण्याची वाट न पाहता, तंत्रज्ञ सिरिंजने तिच्यातील रक्तमिश्रित द्रव काढतो, त्यातील सुमारे सव्वाशे मायक्रोलिटर, म्हणजे जेमतेम दोन-तीन थेंब, न पातळ करता म्युलर-हिंटन प्लेटवर टाकतो, कापसाच्या बोळ्याने तीन दिशांनी पसरतो आणि त्यावर नेहमीच्याच डिस्क ठेवतो. त्यानंतर प्लेट चार, सहा आणि आठ तासांनी बाहेर काढून वाचली जाते. चार तासांनी जिवाणूंची साय अतिशय पुसट असते, प्लेट प्रकाशाखाली तिरपी धरावी लागते, आणि वर्तुळाची कड नीट दिसत नसेल तर ते वाचायचे नाही, प्लेट ताबडतोब परत आत ठेवायची, असा स्पष्ट नियम आहे. वर्तुळाचा व्यास मोजल्यावर तो त्या जिवाणूच्या आणि त्या तासाच्या तक्त्याशी ताडतात, कारण चार तासांचे वर्तुळ आणि अठरा तासांचे वर्तुळ यांची मापे वेगळी असतात. आणि व्यास ‘चालते’ व ‘चालत नाही’ यांच्या मधल्या संदिग्ध पट्ट्यात पडला तर उत्तर न देता पुढच्या वाचनाची वाट पाहतात. घाईत चूक होऊ नये म्हणून जाणूनबुजून ठेवलेली ही संदिग्धतेची जागा त्या पद्धतीच्या प्रामाणिकपणाची खूण आहे. भारतातील अनेक प्रयोगशाळा ज्या अमेरिकी सीएलएसआय संस्थेची मानके पाळतात, तिनेही पॉझिटिव्ह बाटलीतून थेट डिस्क लावण्याची पद्धत आता आपल्या मानकांत घेतली आहे.

या पद्धतीला मर्यादा आहेत. तक्ते जिवाणूनिहाय असल्यामुळे जिवाणूची ओळख त्याच दिवशी व्हावी लागते, आणि मोठ्या प्रयोगशाळांत ती माल्डी-टॉफ या यंत्राने होते, जे लेसरने जिवाणूतील प्रथिनांचे कण उडवून त्यांच्या वस्तुमानाच्या नमुन्यावरून काही मिनिटांत नाव सांगते. ते यंत्र महाग आहे आणि जिल्ह्याच्या ठिकाणी क्वचितच असते. एकाच बाटलीत दोन जिवाणू असतील तर रास्ट वापरता येत नाही. कोलिस्टिन या औषधाची डिस्क कोणत्याही पद्धतीत भरवशाची नसते, कारण ते आगारमध्ये नीट पसरत नाही. एवढे वजा केले तरी जवळजवळ एक पूर्ण दिवस वाचतो, आणि तो नेहमीच्याच साहित्यात वाचतो.

वाचलेला दिवस रुग्णापर्यंत पोहोचतो का हा प्रश्न मात्र चाचणीने सुटत नाही. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये ६१७ रुग्णांवर झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक प्रयोगात, पॉझिटिव्ह बाटलीतून सुमारे तासाभरात जिवाणू व रोधाची काही जनुके ओळखणारी चाचणी एका गटाला लेखी टिप्पणीसह देण्यात आली, दुसऱ्या गटाच्या डॉक्टरांना त्याच चाचणीसोबत प्रतिजैविकांच्या तज्ज्ञांचा तातडीचा सल्लाही मिळाला, आणि तिसऱ्या गटाची चाचणी नेहमीच्या पद्धतीने झाली. अनावश्यक व्यापक औषध कमी करण्यास नेहमीच्या गटात ३४ तास लागले, फक्त जलद चाचणी मिळालेल्या गटात ३८ तास लागले, आणि तज्ज्ञांचा सल्ला सोबत असलेल्या गटात २१ तास लागले. म्हणजे औषध कमी करण्याच्या बाबतीत एकट्या चाचणीने काहीच साधले नाही. मृत्यूच्या प्रमाणात तिन्ही गटांत फरक दिसला नाही, ही गोष्टही लपवू नये. अमेरिकेतील सुसज्ज रुग्णालयात जर हे घडते, तर जेथे रिपोर्ट कागदावर छापून वॉर्डात पोहोचायला दुपार होते तेथे केवळ यंत्र आणून काही बदलेल अशी अपेक्षा ठेवणे भाबडेपणाचे आहे.

भारतीय रुग्णालयांतील खरी गळती याहूनही साध्या ठिकाणी होते. अनेक प्रयोगशाळांत सूक्ष्मजीवशास्त्राचे काम दिवसपाळीपुरते चालते, त्यामुळे रात्री आठला पॉझिटिव्ह झालेली बाटली सकाळी नऊपर्यंत यंत्रातच राहते, आणि ते तेरा तास रास्टच्या संपूर्ण वाचनापेक्षा जास्त आहेत. त्याआधीची गळती नमुना घेताना होते: रक्त घेण्यापूर्वीच प्रतिजैविकाची पहिली सलाईन लागलेली असते. उत्तर अमेरिकेतील सात आपत्कालीन विभागांत ३२५ रुग्णांच्या रक्ताचे नमुने औषधाच्या आधी आणि नंतर दोन तासांच्या आत घेतले गेले, तेव्हा आधीच्या नमुन्यांपैकी ३१.४ टक्के पॉझिटिव्ह आले आणि नंतरच्या नमुन्यांपैकी १९.४ टक्केच आले. बाटलीत जिवाणू वाढलाच नाही तर जगातील कोणतीही जलद चाचणी काही सांगू शकत नाही. म्हणून आपल्या माणसाला गंभीर संसर्गासाठी दाखल करताना, ब्लड कल्चरचे रक्त पहिल्या डोसच्या आधी घेतले का, एवढे नातेवाइकांनी नम्रपणे जरूर विचारावे. मात्र शॉकमधील रुग्णात रक्त मिळण्यास वेळ लागत असेल तर औषध थांबवण्याचा आग्रह धरू नये.

शासकीय आणि धर्मादाय रुग्णालयांना यंत्रे देणग्यांतून आणि निविदांतून मिळू शकतात, त्यांच्या उद्घाटनाची छायाचित्रेही छापून येतात. रात्रपाळीच्या तंत्रज्ञाचे पद मात्र कोणी देणगीत देत नाही. ज्या जिल्हा रुग्णालयात आणि वैद्यकीय महाविद्यालयात स्वयंचलित ब्लड कल्चर यंत्र आहे, तेथे रात्री पॉझिटिव्ह झालेली बाटली हाताळणारा प्रशिक्षित तंत्रज्ञ, ग्राम रंजनाचा निष्कर्ष फोनवरून तत्काळ कळवण्याची सक्ती आणि तो फोन घेऊन औषध बदलण्याचा अधिकार असलेला डॉक्टर, या तीन गोष्टींची तरतूद आरोग्य विभागाने पुढच्या यंत्रखरेदीच्या आधी करावी. डिस्क, प्लेट आणि मोजपट्टी तेथे आजही आहेत.